इंग्लंडांतील मनोरुग्ण, अपंग आणि स्थानिक मंडळें

कायद्याच्या भाषेंत दोन शब्दप्रयोग नेहमीं शेजारींशेजारीं नांदत असतात. एक ‘करतां येईल’ आणि दुसरा ‘केलें पाहिजे’. सामान्य वाचकाला त्यांतील अंतर फारसें जाणवत नाहीं. परंतु ज्याचें मन ढासळलें आहे, ज्याची दृष्टि गेली आहे, किंवा ज्याचें मूल इतर मुलांच्या बरोबरीनें शिकूं शकत नाहीं, त्याचें सारें आयुष्य ह्या दोन शब्दांमधील अंतरांत सामावलेलें असतें. पहिला शब्द नगरपालिकेच्या हातीं अधिकार देतो. दुसरा तिच्या माथीं कर्तव्य ठेवतो. अधिकार वापरला नाहीं म्हणून कोणी जाब विचारीत नाहीं. कर्तव्य टाळलें तर न्यायालयाची पायरी चढतां येते. इंग्लंडांत मनोरुग्णांची आणि अपंगांची काळजी घेण्याचें काम गेल्या दोन शतकांत स्थानिक मंडळांकडे कसें आलें, त्यांच्याकडून कसें गेलें आणि पुन्हां कसें आलें, हें पाहूं लागलें म्हणजे तो इतिहास पुष्कळसा ह्या दोन शब्दांचाच इतिहास आहे असें दिसून येतें.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील गरीब वेड्याला आसरे असे तीनच होते: घरांतील अडगळीची खोली, दरिद्री लोकांना राबवून घेणारें ‘वर्कहाउस’, किंवा तुरुंग. धनिकांसाठीं खासगी वेडगृहें होतीं. लंडनचें बेथलेम, यॉर्कचें रिट्रीट अशा कांहीं धर्मादाय संस्था होत्या; पण त्या किती जणांना पुरणार? १८०८ सालीं पार्लमेंटानें कायदा केला आणि प्रत्येक परगण्याच्या मानद न्यायाधीशांना कराच्या पैशांतून गरीब वेड्यांसाठीं इस्पितळ बांधण्याची मुभा दिली. मुभा दिली, सक्ति केली नाहीं. नॉटिंगहॅमनें तत्परता दाखविली आणि १८१२ सालीं तेथील इस्पितळाचे दरवाजे उघडले. परंतु पुष्कळ परगण्यांनीं करदात्यांच्या रोषाला भिऊन हात आखडता घेतला. अशीं सदतीस वर्षें गेलीं. पुढें शॅफ्ट्स्बरीचे अर्ल म्हणून प्रसिद्धीस आलेले लॉर्ड ॲश्ले ह्यांच्या चिकाटीमुळें १८४५ सालीं नवा कायदा झाला आणि ‘बांधतां येईल’ ह्या शब्दांच्या जागीं ‘बांधलें पाहिजे’ हे शब्द आले. त्यानंतर मात्र देशभर इस्पितळांच्या इमारती झपाट्यानें उभ्या राहूं लागल्या.

ह्या इस्पितळांच्या मागची भावना निर्दय नव्हती. मिडलसेक्स परगण्याच्या हॅनवेल येथील इस्पितळांत डॉक्टर जॉन कॉनली ह्यांनीं १८३९ सालीं साखळ्या, पट्टे आणि जखडून ठेवण्याच्या खुर्च्या काढून टाकल्या. स्वच्छ हवा, नियमित काम, वेळेवर जेवण आणि सौम्य वागणूक मिळाली तर ढळलेलें मन ठिकाणावर येईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. परंतु कायद्यानें सक्ति केली ती इमारतीची. बऱ्या झालेल्या माणसाला घरीं पोंचविण्याची, त्याला काम मिळवून देण्याची किंवा त्याच्या कुटुंबाला आधार देण्याची जबाबदारी त्यानें कोणावरच टाकली नव्हती. साहजिकच आंत येणारांची संख्या बाहेर पडणारांपेक्षां वाढत गेली. लंडनजवळील कोल्नी हॅच येथील इस्पितळ १८५१ सालीं उघडलें तेव्हां तें सुमारें बाराशें रुग्णांसाठीं होतें. पुढें तेथें दोन हजारांहून अधिक माणसें राहूं लागलीं. स्वतःची शेती, धोबीखाना, भटारखाना, स्मशानभूमि आणि पाण्याचा उंच मनोरा असलेलीं हीं इस्पितळें म्हणजे गांवाबाहेर वसलेलीं दुसरीं गांवेंच होतीं. त्यांत शिरलेला मनुष्य बहुधा जगाच्या विस्मृतींत जमा होई.

१८८८ च्या कायद्यानें परगण्यांत लोकनियुक्त मंडळें स्थापन झालीं आणि १८८९ पासून हीं इस्पितळें त्यांच्या ताब्यांत आलीं. म्हणजे रस्ते, पूल आणि गटारें ह्यांच्या जोडीनें आतां मनोरुग्णहि निवडून आलेल्या सभासदांच्या कारभाराचा भाग बनले. पुढच्याच वर्षीं, १८९० सालीं, वेड्यांविषयींचा सर्वंकष कायदा झाला. धडधाकट माणसाला कपटानें वेडा ठरवून डांबून ठेवूं नये, ह्या भीतीपोटीं ह्या कायद्यानें न्यायाधीशाच्या हुकुमाखेरीज गरीब रुग्णाला इस्पितळाचा दरवाजा बंद केला. हेतु चांगला; पण त्याचा परिणाम असा झाला कीं, दुखणें पुरतें बळावून मनुष्य ‘प्रमाणित वेडा’ ठरेपर्यंत त्याला उपचार मिळेनात. त्याला न्यायाधीशासमोर उभें करण्याचें काम दारिद्र्य-कायद्याखालील मदत-अधिकाऱ्याकडे असे. हाच अधिकारी भुकेलेल्यांना भाकरीची चिठ्ठी देई आणि हाच भ्रमिष्टाला गाडींत घालून नेई. म्हणून गरीब वस्तींत तो दाराशीं आला कीं शेजारीपाजारी काय समजायचें तें समजत. ह्या अधिकाऱ्याची आठवण ठेवणें जरूर आहे, कारण पुढील शंभर वर्षांत त्याचें नांव अनेकदां बदललें आणि प्रत्येक नांवाबरोबर समाजाची दृष्टिहि थोडी बदलत गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आणखी एक वर्ग कायद्याच्या नजरेस आला. ज्यांची बुद्धि जन्मतः किंवा बालपणापासून मंद आहे त्यांच्यासाठीं १९१३ सालीं स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या पाठीमागें करुणेपेक्षां भीतीच अधिक होती. मंदबुद्धि लोकांची संतति वाढून राष्ट्राचें तेज कमी होईल, असा सुप्रजाशास्त्राच्या नांवानें चाललेला प्रचार त्या काळीं मोठमोठ्या विद्वानांना पटलेला होता. कायद्यानें अशा लोकांचे चार वर्ग पाडले, स्थानिक मंडळांना त्यांचा शोध घेण्यास लावलें आणि त्यांना समाजापासून दूर वसाहतींत ठेवण्याची सोय केली. सरकारी मदतीवर जगणारी एखादी अविवाहित माता मंदबुद्धि ठरली तर तीहि ह्या तावडींत सांपडे, आणि तिची सुटका होण्यास कित्येक वर्षें लागत. तथापि ह्याच कायद्यांत एक वेगळें बीजहि होतें. वसाहतींत न पाठवितां घरींच ठेवून मंडळाच्या देखरेखीखालीं किंवा पालकाच्या हवालीं करण्याचा मार्ग त्यांत मोकळा होता. १९२७ च्या दुरुस्तीनें देखरेखीखालील अशा व्यक्तींना कांहीं शिक्षण किंवा उद्योग देणें हें मंडळांचें कर्तव्य ठरलें. त्यांतून ‘उद्योग-केंद्रें’ वाढलीं. चर्चच्या भाड्यानें घेतलेल्या सभागृहांत कांहीं मुलें व प्रौढ माणसें एकत्र जमत, चटया विणत, टोपल्या वळत, गाणीं म्हणत आणि सायंकाळीं आपल्या घरीं परतत. साधनें अगदींच तुटपुंजीं होतीं. पण दिवसा बाहेर आणि रात्रीं आईबापांजवळ, ही कल्पना तेथें प्रथम रुजली.

अपंगांच्या बाबतींत पहिलें कर्तव्य मंडळांच्या माथीं बसलें तें अंधांच्या निर्धारामुळें. त्या काळीं अंधांसाठीं चालणाऱ्या कार्यशाळा बहुतेक धर्मादाय संस्थांच्या हातीं होत्या आणि तेथें मिळणाऱ्या मजुरीवर पोट भरत नसे. अंध कामगारांनीं स्वतःचा संघ काढला आणि १९२० च्या एप्रिलमध्यें त्यांच्या तीन तुकड्या लीड्स, मँचेस्टर आणि न्यूपोर्ट येथून पायीं लंडनकडे निघाल्या. ‘न्याय हवा, दया नको’ असें लिहिलेले फलक घेऊन, एकमेकांच्या आधारानें शेंकडों मैल चालत हे लोक महिनाअखेर ट्रफल्गार चौकांत पोंचले आणि पंतप्रधान लॉइड जॉर्ज ह्यांना भेटले. त्याच वर्षीं अंध व्यक्तींचा कायदा मंजूर झाला. अंधाला वृद्धवेतन पन्नासाव्या वर्षापासूनच मिळूं लागलें, आणि अंधांच्या हिताची व्यवस्था करणें हें प्रत्येक परगणा-मंडळाचें व मोठ्या नगरपालिकेचें कर्तव्य झालें. बहिरे, पांगळे, दीर्घ रोगानें जखडलेले लोक मात्र ह्या कायद्याच्या बाहेरच राहिले. त्यांनीं मोर्चा काढला नव्हता, आणि त्यांच्यासाठीं कायद्याला जाग येण्यास आणखी अठ्ठावीस वर्षें जावीं लागलीं.

१९३० सालीं मनोरुग्णांच्या कायद्यांत बरीच माणुसकी आली. ‘वेडा’ हा शब्द कायद्यांतून निघाला; स्वेच्छेनें येणाऱ्या रुग्णाला न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय दाखल होतां येऊं लागलें; आणि बाह्य रुग्णांसाठीं दवाखाने काढण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना मिळाला. येथेंहि अधिकारच, कर्तव्य नव्हे. जीं मंडळें उत्साही होतीं त्यांनीं दवाखाने काढले, बाकीच्यांनीं काढले नाहींत.

मग ५ जुलै १९४८ हा दिवस उजाडला. राष्ट्रीय आरोग्य-सेवा त्या दिवशीं सुरू झाली आणि त्याच दिवशीं अंमलांत आलेल्या राष्ट्रीय साहाय्य-कायद्यानें शतकानुशतकें चाललेल्या दारिद्र्य-कायद्याला मूठमाती दिली. गरिबांच्या दृष्टीनें ही मोठी मुक्ति होती. परंतु मनोरुग्णांच्या व्यवस्थेंत त्या दिवशीं एक उभी चीर पडली. इस्पितळें परगणा-मंडळांच्या हातून निघून सरकारनियुक्त प्रादेशिक मंडळांकडे गेलीं आणि त्यांचा खर्च राष्ट्राच्या तिजोरींतून होऊं लागला. इस्पितळाबाहेरचें काम, म्हणजे रुग्णाला नेणें-आणणें, बरा झाल्यावर त्याची विचारपूस करणें, मंदबुद्धि व्यक्तींचीं उद्योग-केंद्रें चालविणें, तें मात्र स्थानिक मंडळांकडेच राहिलें. आणि त्याचा मोठा भाग घरपट्टीच्या उत्पन्नांतून भागवावा लागे. अपंगांसाठीं साहाय्य-कायद्याच्या २९ व्या कलमानें बहिरे, पांगळे व इतर कायमचे अपंग ह्यांचा प्रथमच उल्लेख केला. पण त्यांच्यासाठीं कार्यशाळा, वसतिगृहें व घरगुती मदत देण्याचा मंडळांना केवळ अधिकार दिला. म्हणजे एखादा रुग्ण इस्पितळांत राहिला तर खर्च सरकारचा आणि घरीं परतला तर खर्च गांवाचा, असा विचित्र हिशेब तयार झाला. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक अपेशांचें मूळ ह्या हिशेबांत आहे.

हा हिशेब मोडूनहि काम करतां येतें, हें पुन्हां नॉटिंगहॅमनेंच दाखविलें. तेथील मॅपर्ले इस्पितळाचे अधीक्षक डॉक्टर डंकन मॅकमिलन ह्यांनीं नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांशीं असा काय मेळ घातला कीं, इस्पितळ आणि शहर ह्यांची सेवा जणुं एकच होऊन गेली. रुग्ण दाखल होण्यापूर्वीं नगरपालिकेचा मनुष्य त्याच्या घरीं जाई, आणि तो घरीं परतल्यावर तोच मनुष्य पुन्हां त्याच्या दाराशीं येई. कुटुंबाची सहनशक्ति संपण्याआधीं मदत पोंचली तर आजारी मनुष्य घरांतून कायमचा तुटत नाहीं, असें मॅकमिलन सांगत. १९५२ पर्यंत मॅपर्लेच्या सर्व कक्षांचीं कुलुपें निघालीं होतीं. स्कॉटलंडांत मेलरोझ येथील डिंगलटन इस्पितळांत डॉक्टर जॉर्ज बेल ह्यांनीं १९४९ सालींच दरवाजे उघडे केले होते. मन शांत करणारीं नवीं औषधें ब्रिटिश इस्पितळांत आलीं तीं १९५४ च्या सुमारास. ह्याचा अर्थ असा कीं, औषधाच्या गोळीनें दार उघडण्यापूर्वींच माणसांनीं तें उघडलें होतें. त्याच १९५४ सालीं इंग्लंड-वेल्समधील मनोरुग्णालयांतील रहिवाशांची संख्या सुमारें दीड लाखांवर पोंचली आणि तेथून ती उतरूं लागली.

मंदबुद्धि मुलांच्या बाबतींत असाच मार्ग आईबापांनीं शोधला. १९४६ सालीं ज्यूडी फ्रायड ह्या बाईंनीं एका बालसंगोपनविषयक मासिकांत पत्र लिहून आपल्यासारख्या इतर पालकांना साद घातली. त्यांच्या मुलीला शाळेंत जागा नव्हती, कारण अशीं मुलें शिक्षणास अपात्र ठरवून शाळेबाहेर ठेवण्याची कायद्यांतच तरतूद होती. उत्तरें इतकीं आलीं कीं त्यांतून पालकांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ह्याच संस्थेच्या साहाय्यानें १९५८ ते १९६० ह्या काळांत मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड ह्यांनीं एक साधा प्रयोग केला. लंडनच्या फाउंटन इस्पितळांतील सोळा मुलें त्यांनीं सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स नांवाच्या एका घरांत ठेवलीं आणि तशींच सोळा मुलें तुलनेसाठीं इस्पितळांत राहिलीं. घरांतील मुलांना खेळ, बोलणें, माया आणि ठराविक माणसांचा सहवास मिळाला. दोन वर्षांत त्यांची भाषा इस्पितळांतील मुलांपेक्षां स्पष्टपणें पुढें गेली. ज्याला सारे जण मुलाचा उपजत दोष समजत होते, त्यांतला कांहीं भाग इस्पितळानें निर्माण केलेला होता, हें ह्या प्रयोगानें उघड केलें.

अशा पार्श्वभूमीवर लॉर्ड पर्सी ह्यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगानें १९५७ सालीं आपला अहवाल दिला. मनाचा रोग हा शरीराच्या रोगासारखाच मानावा, न्यायाधीशाचा हुकूम शक्य तों टाळावा, आणि इस्पितळांत राहण्याची जरूरी नसलेल्या सर्वांची काळजी समाजांत राहूनच घेतली जावी, असें आयोगानें सांगितलें. १९५९ च्या मानसिक आरोग्य-कायद्यानें हीं तत्त्वें स्वीकारलीं. जुना मदत-अधिकारी, जो १९४८ नंतर ‘अधिकृत अधिकारी’ झाला होता, तो आतां ‘मानसिक कल्याण-अधिकारी’ म्हणून ओळखला जाऊं लागला. परंतु वसतिगृहें, दिवस-केंद्रें आणि घरभेटी ह्यांसाठीं मंडळांना वेगळा राखीव निधि मिळाला नाहीं. उलट नेमक्या त्याच सुमारास, १९५८ च्या कायद्यानें, निरनिराळ्या सेवांसाठीं टक्केवारीनें मिळणारीं बरीच सरकारी अनुदानें बंद होऊन मंडळांना एकत्र अनुदान मिळूं लागलें. त्या एका थैलींतून शाळांचा खर्च आधीं भागवायचा. मनोरुग्णाचें नांव यादींत किती खालीं येई, हें सांगावयास नको.

९ मार्च १९६१ रोजीं आरोग्यमंत्री ईनॉक पॉवेल ह्यांनीं मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या परिषदेंत एक भाषण केलें. उंच मनोरे आणि धुरांडीं मिरविणारीं तीं जुनीं इस्पितळें पाडावयाचीं आहेत आणि पंधरा वर्षांत मनोरुग्णांच्या खाटा निम्म्यानें कमी होतील, असें त्यांनीं जाहीर केलें. त्याच परिषदेंत लंडनचे प्राध्यापक रिचर्ड टिटमस ह्यांनीं इशारा दिला कीं, समाजांत शुश्रूषा हें नांव गोड असलें तरी प्रत्यक्षांत रुग्ण शिकलेल्या सेवकांच्या हातून न शिकलेल्यांच्या किंवा कोणाच्याच हातीं न जाणारा होईल. १९६२ सालीं सरकारनें इस्पितळांची योजना प्रसिद्ध केली आणि १९६३ सालीं स्थानिक मंडळांच्या दहा वर्षांच्या योजना एकत्र करून छापल्या. त्या पाहतां टिटमस ह्यांची शंका खरी ठरत होती. कांहीं मंडळांनीं वसतिगृहें व प्रशिक्षण-केंद्रें ह्यांचे भरघोस संकल्प केले होते, तर कांहींनीं जवळजवळ कांहींच योजलें नव्हतें. मनुष्य कोणत्या रोगानें आजारी आहे ह्यापेक्षां तो कोणत्या गांवीं राहतो, ह्यावर त्याचें भवितव्य ठरूं लागलें.

इकडे इस्पितळांच्या आंत काय चाललें आहे, ह्यावरील पडदा १९६७ पासून दूर होऊं लागला. कार्डिफच्या ईली इस्पितळांतील मंदबुद्धि रुग्णांच्या छळाच्या तक्रारी एका वृत्तपत्रानें छापल्या. त्यांच्या चौकशीचा जेफ्री हाउ ह्यांच्या समितीचा अहवाल मंत्री रिचर्ड क्रॉसमन ह्यांनीं १९६९ सालीं काटछाट न करतां प्रसिद्ध केला. ह्या धक्क्यामुळें १९७१ सालीं सरकारनें मंदबुद्धि व्यक्तींच्या सेवेबद्दल श्वेतपत्रिका काढली आणि इस्पितळांतील जागा पुढील पंधरा-वीस वर्षांत सुमारें निम्म्यावर आणून स्थानिक मंडळांनीं घरें व केंद्रें वाढवावीं, असें धोरण ठरविलें. १ एप्रिल १९७१ ही तारीख दोन कारणांनीं महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून ‘शिक्षणास अपात्र’ हा वर्गच नाहींसा झाला आणि हजारों मुलें आरोग्य-खात्याच्या केंद्रांतून शिक्षण-खात्याच्या शाळांकडे आलीं. ज्यूडी फ्रायड ह्यांच्या पत्राला पंचवीस वर्षांनीं कायद्यानें उत्तर दिलें. त्याच दिवशीं सीबोम समितीच्या शिफारसीप्रमाणें प्रत्येक मंडळांत एकच समाजसेवा-खातें सुरू झालें. मुलें, वृद्ध, अपंग आणि मनोरुग्ण ह्या सर्वांना एकाच दारांतून मदत मिळावी, ही त्यामागची कल्पना. ती सोयीची होती. परंतु मनोरुग्णांचें काम वर्षानुवर्षें करून तयार झालेले अधिकारी सर्वसाधारण कामांत विखुरले गेले आणि अनुभवाचा मोठा ठेवा पातळ झाला.

अपंगांच्या इतिहासांतील सर्वांत ठसठशीत पान १९७० सालचें आहे. मँचेस्टरच्या विदनशॉ भागाचे सभासद आल्फ मॉरिस ह्यांचे वडील पहिल्या महायुद्धांतील विषारी वायूनें पंगु झाले होते. खासगी विधेयकांच्या सोडतींत मॉरिस ह्यांचें नांव पहिलें निघालें आणि त्यांनीं दीर्घकालीन रुग्ण व अपंग ह्यांच्यासाठीं विधेयक आणलें. निवडणुकीसाठीं पार्लमेंट विसर्जित होण्याच्या वेळीं, २९ मे १९७० रोजीं, त्याला राजसंमति मिळाली. पहिल्या कलमानें प्रत्येक मंडळानें आपल्या हद्दींतील अपंगांची संख्या शोधून काढली पाहिजे असें ठरविलें. तोंपर्यंत जो स्वतः नांव नोंदवी तेवढाच अपंग मंडळाला ठाऊक असे. पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनें ग्रेट ब्रिटनमध्यें घरींच राहणाऱ्या अशा प्रौढांची संख्या सुमारें ३० लाख असल्याचें दाखविलें. दुसऱ्या कलमांत मदतीची यादीच दिली होती: घरकामांत साहाय्य, जेवण, घरांतील फेरफार, प्रवासाची सोय, सुट्टी, दूरध्वनि, आणि त्यांतच रेडिओ व ग्रंथालयहि. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशीं रेडिओ असणें ही चैन नसून गरज आहे, हें एका देशाच्या कायद्यानें मान्य केलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, गरज पटल्यावर ही मदत देणें हें मंडळाचें ‘कर्तव्य’ आहे असें तेथें स्वच्छ लिहिलें होतें.

तरीहि कर्तव्याचा शब्द लिहून काम भागत नाहीं, हें पुढील काळानें शिकविलें. १९८० नंतर जुनीं मोठीं इस्पितळें खरोखरच बंद होऊं लागलीं. कोल्नी हॅचचें इस्पितळ, जें पुढें फ्रायर्न म्हणून ओळखलें जाई, तें १९९३ सालीं बंद झालें. १९८३ च्या कायद्यानें सक्तीनें ठेवलेल्या कांहीं रुग्णांना सुटकेनंतर मोफत शुश्रूषा देणें हें आरोग्य-संस्था व स्थानिक मंडळ ह्या दोघांचें संयुक्त कर्तव्य ठरविलें. परंतु खाटा मिटल्यावर वांचलेला सर्व पैसा रुग्णाच्या मागोमाग गांवांत आला नाहीं. दरम्यान सामाजिक सुरक्षेच्या निधींतून खासगी निवासगृहांचा खर्च कोणतीहि गरज न तपासतां दिला जात होता. ही रक्कम १९७९ मधील सुमारें १ कोटी पौंडांवरून १९८६ पर्यंत सुमारें ५० कोटींवर गेली. घरीं राहण्यासाठीं मदत मागणाराला थैली रिकामी आणि घर सोडून जाणाराला ती भरलेली, अशी ही उलटी गंगा हिशेब-आयोगानें १९८६ सालीं उघडकीस आणली. सर रॉय ग्रिफिथ्स ह्यांनीं १९८८ सालीं सर्व जबाबदारी स्थानिक मंडळांवर टाकावी आणि तिच्याबरोबर राखीव पैसाहि द्यावा, असें सुचविलें. १९९० चा कायदा होऊन एप्रिल १९९३ पासून प्रत्येकाच्या गरजेची पाहणी करण्याचें काम मंडळांकडे आलें.

पण गरज म्हणजे काय? हा प्रश्न ग्लॉस्टरशायरमधील एका एकट्या राहणाऱ्या वृद्धानें न्यायालयापुढें नेला. त्याच्या घराची साफसफाई आणि कपडे धुण्याची मदत मंडळानें १९९४ सालीं पैशाच्या अभावीं बंद केली होती. त्याची प्रकृति सुधारली नव्हती. मंडळाची थैली मात्र आटली होती. १९९७ सालीं सर्वोच्च पीठाच्या पांच न्यायमूर्तींपैकीं तिघांनीं असा निर्णय दिला कीं, गरज ठरवितांना मंडळाला स्वतःच्या सांपत्तिक स्थितीचा विचार करतां येतो. मॉरिस ह्यांच्या कायद्यांतील ‘कर्तव्य’ शब्द तसाच राहिला. त्याच्या आधीं येणारा ‘गरज’ हा शब्द मात्र आखडला. पुढें २०१४ सालीं झालेल्या आणि एप्रिल २०१५ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें इंग्लंडांतील प्रौढांसाठीं जुन्या कलमांची जागा घेतली आणि कोणत्या गरजा मंडळानें भागविल्याच पाहिजेत, ह्याचें एकच माप सर्व देशाला लावलें.

एवढ्यावरून ‘करतां येईल’ हा शब्द नेहमींच निरुपयोगी असतो असें मात्र समजूं नये. हँपशायरमधील ल कोर्ट ह्या निवासगृहांत राहणाऱ्या कांहीं अपंगांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील मंडळाशीं बोलणें लावलें. निवासगृहावर होणारा खर्च आमच्या हातीं द्या, आम्ही आमचें घर करूं आणि आमचे मदतनीस आम्हीच नेमूं, असें त्यांचें म्हणणें होतें. मंडळानें मार्ग काढला. १९९६ च्या कायद्यानें अशी रक्कम सरळ अपंगांच्या हातीं देण्याची मोकळीक सर्व मंडळांना मिळाली, ती अशा अनुभवांच्या जोरावर. इच्छा असलेल्या मंडळाला अधिकारहि पुरतो. इच्छा नसलेल्याला मात्र कर्तव्य लागतें, आणि कर्तव्याला पैसा लागतो.

ह्या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत पोंचतो. इंग्लंडच्या १८९० च्या कायद्याच्या धर्तीवर येथें १९१२ सालीं वेड्यांविषयींचा कायदा झाला. ठाणें, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील इस्पितळें त्याच्याच आधारानें चालत, आणि १९८७ चा नवा कायदा १९९३ सालीं अंमलांत येईपर्यंत तो टिकला. इंग्लंडांत तो १९५९ सालींच मोडीत निघाला होता. येथें हें काम नगरपालिकांकडे न येतां सरकारकडेच राहिलें, त्यामुळें इस्पितळाबाहेरची शुश्रूषा बहुतांशीं कुटुंबानेंच केली. १९९६ पासून जिल्हावार मानसिक आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्यानें तर उपचार मिळण्याचा आणि समाजांत राहण्याचा हक्क प्रत्येक मनोरुग्णाला दिला आहे. शब्द ‘केलें पाहिजे’ ह्या जातीचा आहे. इंग्लंडच्या अनुभवाकडे पाहतां त्याच्या पाठीशीं किती थैली आणि किती माणसें उभीं राहतात, ह्यावर त्याची किंमत ठरेल.

मदत-अधिकारी, अधिकृत अधिकारी, मानसिक कल्याण-अधिकारी, १९८३ नंतर मान्यताप्राप्त समाजसेवक, आणि २००८ पासून मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य-व्यावसायिक: एकाच कामाचीं हीं पांच नांवें. पहिला मनुष्य दाराशीं येई तो रुग्णाला घेऊन जाण्यासाठीं. शेवटच्याला मात्र कायदाच विचारावयास लावतो कीं, ह्या माणसाला घरींच ठेवून सांभाळण्याचा दुसरा कांहीं मार्ग आहे काय? त्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देतां यावें म्हणून दिवस-केंद्र उघडें हवें, वसतिगृहांत जागा हवी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां दार ठोठावणारा कोणी तरी हवा. हीं तीन गोष्टी ज्या गांवीं होत्या तेथें कायदा खरा ठरला. जेथें नव्हत्या तेथें तो पुस्तकांतच राहिला.